दोन म्हसोबांमधला रस्ता

खरं सांगतो, आमच्यासारखी अडाणी माणसं पुणे जिल्ह्यात शोधून सापडली नसती. आणि त्या अडाण्यांचा सेक्रेटरी मी! सातवी फायनल पास, अक्षर बरं, म्हणून पंचावन्न सालात तरसवाडी ग्रामपंचायतीनं मला धरून खुर्चीवर बसवलं. रस्त्याचा नकाशा मीच काढला. तेव्हा पुढं जे सांगतोय त्यात कुणाला हसायचं असेल तर आधी मला हसा, बाकीच्यांचा नंबर नंतर.

पण गोष्ट माझी नाही, प्रयागकाकीची आहे. काकी आता नाही. तिच्याविषयी कुणी लिहिलं नाही, कारण तिनं कधी खुर्ची धरली नाही की हार घालून घेतला नाही. लिहिणारी माणसं खुर्च्या बघत फिरतात, त्यांना वाफ्यात वाकलेली बाई कशाला दिसते?

तरसवाडी म्हणजे बारामती तालुक्याचं शेवटचं गाव. त्याच्या पलीकडं लिंबखेडं, ते इंदापूर तालुक्यातलं. जोरात हाक मारली तर एका गावाची दुसऱ्या गावात ऐकू जावी एवढं अंतर. पण कागद हलायचा झाला की आमचा जायचा बारामतीच्या कचेरीत आणि त्यांचा इंदापूरच्या. दोन्ही गावांचं म्हणजे तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना. लिंबखेड्याच्या भाजीला बारामतीचा बाजार आणि स्टेशन पाहिजे, ती वाट आमच्या गावातनं. आमच्या उसाला सणसरकडं नवा कारखाना उभा राहत होता, ती वाट त्यांच्या गावातनं.

प्रयागकाकी लिंबखेड्याची लेक आणि तरसवाडीची सून. उंच, काटक बाई. दात मिश्रीनं काळे, आवाज असा की मोटेवरचे बैलसुद्धा वळून बघायचे. बाजारात बसली की वांग्यांची मांडणी देठ बाहेर काढून, वर ओलं फडकं. गिऱ्हाइकानं वांगं नखानं दाबून बघितलं की हिनं त्याचा हात धरलाच. "नख लावलंस ना? आता ते तुझं झालं. घ्यायचं अन् जायचं!" मोठमोठे पागोटेवाले निमूट घेऊन जायचे. मी स्वतः एकदा तीन वांगी अशी घेतली आहेत, घरात कुणी वांगं खात नसताना.

तिचा नवरा गेणबाकाका. दोघांनी तीन उन्हाळे खपून विहीर खणली, मोट बसवली आणि दीड एकराची बाग उभी केली. वांगी, मिरची, गवार आणि मधोमध नऊ पेरूंची रांग. पेरू काकांनी लावलेले. पहिला बहर आला त्याच वर्षी काका तापानं गेले. त्यानंतर ती बाग म्हणजेच काकीचा संसार, आणि एकुलता एक पोरगा सोपान.

आता ही बाग कुठं होती ते नीट ऐका, कारण सगळी भानगड तिथंच आहे. आमच्या गावाची शीव म्हणजे ओढ्याच्या काठावरचा आमचा म्हसोबा. लिंबखेड्याची शीव म्हणजे त्यांचा म्हसोबा. दोघांच्या मध्ये ओढा आणि काकीची बाग, सगळं मिळून अडीचशे पावलं. सरकारी उताऱ्यावर बाग तरसवाडीची. पण गावाच्या हिशेबानं म्हसोबा संपला की गाव संपलं. वरात निघाली की नारळ म्हसोबालाच फुटायचा, पाहुणा पोचवायचा तोही म्हसोबापर्यंतच. आणि गावाची औतं आणि कुदळी म्हसोबाच्या पलीकडं कधी जायच्या नाहीत. कुणी आवतण दिलं तरच. बिनबोलावता गेलं तर कुरापत काढल्यासारखं व्हायचं, डोकी फुटायची.

तर ही बाग ना धड इकडची, ना धड तिकडची. पावसाळ्यात एका अंगाला ओढा फुगलेला आणि दुसऱ्या अंगाला काळ्या मातीचा चिखल. गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतायची. रस्त्याच्या आदल्या श्रावणात बारा पाट्या वांगी तोडून ठेवली आणि आठ दिवस ओढा उतरला नाही. ती वांगी म्हशीला घातली. तिसऱ्या दिवशी म्हशीनंही तोंड फिरवलं. त्या दिवशी सोपाननं आईला सांगून टाकलं, "आये, हे शेवटचं साल. औंदा वाट झाली न्हाय तर बैलं बाजारात काढतो अन् कारखान्यावर वॉचमन हुतो. बागंचं काय करायचं ते तू बघ." पोरगा वाईट नव्हता हो. दमला होता. आणि मोट, बैल, बाजार हे सगळं एकट्या म्हातारीला जमणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एवढ्यात जिल्ह्याच्या लोकल बोर्डाचं पत्रक आलं. गावांनी श्रमदानानं आपापल्या शिवेपर्यंत मातीकाम करावं, मग बोर्ड खडी, ओढ्यावरच्या मोरीच्या नळ्या आणि रोलर देईल. असंच पत्रक लिंबखेड्यालाही गेलं. झालं! दोन्ही गावांना चेव चढला. मी नकाशा काढला, गाव ते म्हसोबा. लिंबखेड्याच्या मास्तरांनी त्यांचा काढला, गाव ते म्हसोबा. पौष-माघात दोन्ही गावं राबली. आमचा रस्ता आमच्या म्हसोबाशी येऊन थांबला आणि त्यांचा त्यांच्या. दोन्हीकडं नारळ फुटले, पेढे वाटले. मी ठरावात लिहिलं, 'काम पूर्ण झाले.' मध्ये अडीचशे पावलं रान आणि एक ओढा तसाच! माझ्या नकाशात म्हसोबाच्या पुढं कागदच संपला होता, आणि मास्तरांच्याही.

चैत्रात बोर्डाचे ओव्हरसियर आले. आमच्या म्हसोबापाशी उभे राहिले, पलीकडं बघितलं, आणि हा माणूस जो हसत सुटला तो चष्मा काढून डोळे पुसायला लागला. आम्ही मान खाली घालून उभे. मग ते गंभीर झाले. म्हणाले, "हे बघा, अर्धवट रस्त्याला बोर्ड एक नळी देणार नाही. अक्षय तृतीयेच्या आत मधलं मातीकाम झालं पाहिजे. आणि दोन्ही पंचायतींचा मिळून एक नकाशा पाहिजे, दोन्ही सरपंचांच्या सहीनं. नाहीतर रोलर कळस गावाकडे जाईल."

"मधलं रान उताऱ्यावर तरसवाडीचंच आहे," तेच पुढं म्हणाले, "मग तुम्हीच का नाही केलंत?"

आमचे सरपंच झुंबरआबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "कागदाव असंल सायेब, पन म्हसोबाच्या पल्याड हाय." साहेबांनी कपाळाला हात लावला.

मग दोन्ही पंचायतींची बैठक ठरली. कुठं? आम्ही त्यांच्या चावडीवर जाणार नाही, ते आमच्या चावडीवर येणार नाहीत. शेवटी काय झालं असेल? दोन्ही पंचायती आपापल्या म्हसोबापाशी बसल्या आणि बैठक ओरडून झाली! मी स्वतः ओरडलोय, घसा बसेपर्यंत.

"मधलं काम तुमी करा हो!" आम्ही.

"आमच्या म्हसोबापातुर केलंय! फुडचं तुमचं!" ते.

आणि मधल्या बागेत प्रयागकाकी खुरपत होती. या बाजूचं एकदा तिच्या डोक्यावरनं जायचं, त्या बाजूचं एकदा. तास दीड तास हे चाललं. बागेतनं रस्ता काढायचा हे सगळ्यांना कळत होतं, कारण कडेची काळी माती दर साल ढासळायची. सरळ रेघ पेरूंच्या रांगेतनंच जात होती. पण ते तिला विचारणार कोण? लिंबखेड्याचे सरपंच रावजीतात्या तिचे नात्यानं चुलते. लेकीचं घ्यायचं नसतं, ही त्यांच्या गावची रीत. तात्या मरतील पण लेकीच्या रानातलं ढेकूळ मागणार नाहीत. आणि आमचे झुंबरआबा तिचे चुलत दीर. गेणबाकाकांशी त्यांचा बांधावरनं तंटा झाला, तेव्हापासून अकरा वर्षं त्या घराशी बोलणं बंद. काकांच्या मातीला आले, तेही लांब उभे राहिले. ते काय विचारणार, कपाळ!

बैठक मोडली. मी कोरडा पडलेला घसा घेऊन बागेतल्या विहिरीवर पाणी प्यायला गेलो. काकीनं तांब्या दिला आणि म्हणाली, "संभ्या, तो नकाशा दाव."

मी उलगडला. तिला अक्षर येत नव्हतं, पण रेघ कळत होती. बोट फिरवत आली. "ही चावडी. हा म्हसोबा. अन् माझं रान कुठं हाय?"

"काकी, हितं कागद संपला."

"संपला?" काकीनं माझ्याकडं असं बघितलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मुडद्या, सात बुकं शिकलास अन् तुला थोडा मोठा कागूद मिळाला न्हाय? दोन गावं दीड तास माझ्या डोस्क्यावरनं वराडत्याती. मधी मी हाय, जितीजागती! मला कुनी इचारलं?"

ती पेरूंकडं बघत राहिली. तिचा जीव त्या झाडांत अडकला होता, हे मला काय दिसत नव्हतं? झाडं ठेवावीत तर बाग जाते, बाग ठेवावी तर झाडं जातात. शेवटी पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आकितीला किती दिस हायती?"

"नऊ."

"बास झाले." आणि परत खुरपायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी सुपाऱ्यांची पुरचुंडी घेऊन निघाली. आधी लिंबखेड्यात घरोघर गेली, मग तरसवाडीत. एकच बोलणं, "सोमवारी माझ्या रानात इर्जिक हाय. औतं घेऊन या."

इर्जिक म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. एखाद्याच्या रानात काम अडलं की त्यानं गावाला आवतण द्यायचं. ज्याच्याकडं बैल त्यानं बैल आणायचे, ज्याच्याकडं काही नाही त्यानं हात आणायचे. दिवसभर काम करायचं आणि मालकानं पोटभर जेवण घालायचं. मजुरीचं नाव काढायचं नाही. आणि इर्जिकीला नाही म्हणायची पद्धत नाही, वैऱ्यानं बोलावलं तरी. काकीची बाग दोन्ही म्हसोबांच्या पलीकडं, पण आता आवतण होतं. बिनबोलावता कुणी जात नव्हतं.

झुंबरआबांच्या दारात ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बोलली नाही. सुपारी उंबऱ्यावर ठेवली आणि चालती झाली. आबांनी ती उचलली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. आम्हाला वाटलं इर्जिक आपल्या गावची, त्यांना वाटलं त्यांच्या गावची!

सोमवारी दिवस उगवायला आम्ही एकतीस औतं घेऊन ओढ्यात उतरलो आणि वर बघतो तर समोरून लिंबखेड्याची सत्तावीस! सगळे जागच्या जागी थबकले. बैलांनी शेपट्या हलवल्या तेवढंच. कुणीतरी कुदळ खांद्यावरनं खाली घेतली, ती कामासाठी की दुसऱ्या कशासाठी ते मला कळेना.

बागेत काकी उभी होती. या म्हसोबापासून त्या म्हसोबापर्यंत तिनं मोटेचा नाडा आणि दावी जोडून सरळ रेघ ताणली होती. हातात कुऱ्हाड. सोपान मागं मान खाली घालून उभा.

"या की!" काकी गरजली. "इर्जिक माझी हाय. गावाच्या रानात न्हाय, माझ्या रानात आलाय तुमी. म्हसोबा म्हसोबाच्या जागी ऱ्हाऊ द्या. मला ह्या दावणीवरनं वाट पायजे!"

रावजीतात्या पुढं आले. "पयागे, लेकीचं घेत न्हाईत गं. आमाला पाप लागंल."

"तात्या, तुमाला कोन देतंय?" काकी म्हणाली. "ही वाट मला पायजे. माझी वांगी म्हशी खात्यात ते पाप कुनाला लागतंय? इर्जिक करा, जेवा अन् घरी जावा!"

आणि तिनं पहिल्या पेरूवर कुऱ्हाड घातली. घाव बसला आणि तिच्या तोंडातनं आवाज निघाला, कण्हल्यासारखा. तरी थांबली नाही. दुसरा घाव, तिसरा घाव. झाड आडवं झालं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

ती दुसऱ्या झाडाकडं वळली, तेवढ्यात आमच्या बाजूनं झुंबरआबा चालत गेले. पागोटं काढून बांधावर ठेवलं. तिच्यासमोर उभे राहिले. ओठ हलले, पण शब्द फुटायला वेळ लागला. अकरा वर्षांचं गंजलेलं कुलूप ते!

"वैनी," आबा म्हणाले, "कुऱ्हाड हिकडं द्या. तुमी ह्या झाडांवर घाव घालू नगा. गेणूदादानं लावली तवा पयल्या उन्हाळ्यात मी पानी घातलंय ह्यास्नी. खांद्यावरनं घागरी आणल्या हुत्या."

"ठावं हाय मला, भावजी," काकी म्हणाली आणि कुऱ्हाड दिली.

आबांनी दुसरं झाड तोडलं, तिसरं तोडलं. चौथ्याला रावजीतात्यांनी हात पुढं केला आणि आबांनी कुऱ्हाड त्यांच्याकडं दिली. दोन सरपंच, एक कुऱ्हाड. मग कसला म्हसोबा आणि कसलं काय! हा हा म्हणता माणसं दोन्ही अंगांनी बागेत शिरली. माती ओढायच्या केण्या जुंपल्या गेल्या. ओढ्याला दोन्हीकडनं उतार काढला. आमच्या लोकांनी कामाच्या गाण्याची भलरी धरली तर लिंबखेड्याच्या लोकांनी त्यांची धरली, दुप्पट आवाजात. दुपारपर्यंत दोन्ही बाजू एकच भलरी म्हणत होत्या, कारण आमच्यातल्या निम्म्यांना त्यांचीच चाल आवडली.

जेवायला शेंगोळी, भाकरी आणि वांग्याचं कालवण. दोन्ही गावच्या बायका तीन दगडांच्या चुलींवर सकाळपासून रांधत होत्या. पंगत रस्त्यावरच बसली, नव्या मातीवर. काकी वाढत होती आणि जो नको म्हणेल त्याला शिव्या देत होती.

जेवण झाल्यावर तिनं मला आणि मास्तरांना धरलं. "आता तुमचं कागूद काढा." विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर आम्ही दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. मध्ये एक कोरा कागद लावायचा होता. डिंक नव्हता. काकीनं मूठभर पिठाची खळ शिजवून दिली. तीन कागद जोडले. मधल्या कोऱ्या कागदावर मी ओढा काढला, मास्तरांनी रस्ता काढला आणि काकीनं स्वतः बोटानं जागा दाखवली, तिथं मी विहीर काढली. एका जोडावर झुंबरआबांनी सही केली, दुसऱ्यावर रावजीतात्यांनी. दोन तालुक्यांचा एक नकाशा! त्याला शेंगोळ्यांचा डाग पडला होता. तसाच बोर्डाला पाठवला. ओव्हरसियरनी म्हणे तो साहेबाच्या टेबलावर पसरला आणि डागासकट मंजूर झाला.

आकितीनंतर आठव्या दिवशी रोलर आला. आमच्या गावातनं निघाला, बाग ओलांडली आणि थेट लिंबखेड्याच्या चावडीपर्यंत गेला. दोन्ही गावची माणसं मागनं हलगी वाजवत चाललेली. ओढ्यात तीन नळ्या बसल्या. मोरीवर नारळ कुणी फोडायचा यावर वाद व्हायच्या आत काकीनं तो फोडूनसुद्धा टाकला.

पण खरी कसोटी श्रावणात होती. चार दिवस झड लागली होती. ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. काकीच्या रानात वांग्याला तोडा आला होता, चौदा पाट्या. सोपाननं सकाळी गाडी जुंपली. मला पंचायतीच्या कामाला बारामतीला जायचं होतं, मी मागं बसलो. मोरीवर आलो तेव्हा सोपाननं कासरा घट्ट आवळला. खाली पाणी तीन नळ्यांतनं घुसळत जात होतं आणि वर चाकाखाली खडी करकरत होती. बैलांनी मोरी ओलांडली. सोपान एकदाच मागं वळून बघून हसला, तेव्हा मला कळलं की तोवर त्यानं श्वास रोखला होता. आमच्या मागं लिंबखेड्याच्या पाच गाड्या होत्या. दहाच्या आत आम्ही बाजारात.

दुपारी परतलो तेव्हा गाडी रिकामी. एक वांगं उरलं नव्हतं. काकी बांधावर उभी होती, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. सकाळपासून तिथंच होती म्हणे. गाडी दिसली तरी हलली नाही.

सोपाननं बैल सोडले. त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला, वैरण टाकली आणि वाफ्यांकडं बघत म्हणाला, "आये, फुडल्या साली ह्या अंगाला वांगंच लावू का मिरची करू?"

काकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ढसाढसा रडायला लागली. काका गेले तेव्हाही इतकी रडली नव्हती. सोपान गांगरून जवळ गेला, तर तिनं त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि रडत रडतच ओरडली, "दोनी लाव, मुडद्या! दोनी लाव!"